टाकीतलं पाणी

पोलादपूर सोडून जुना हायवे कशेडी घाटाकडं निघाला की डाव्या हाताला आमचा पेट्रोल पंप लागतो. लागायचा म्हणावं, कारण आता गाड्या नव्या रस्त्यानं थेट बोगद्यात शिरतात. जुन्या रस्त्याला उरलीत ती शेतावर जाणारी माणसं, गुरं आणि घाटाची हौस असलेले मोटारसायकलवाले. मी कामाला हात घातला तेव्हा पंप घाणेरीच्या रानात गळ्यापर्यंत बुडालेला होता. कौलं सरकलेली एक खोली, दोन खांबांवरचं सिमेंटचं छप्पर आणि त्याखाली माणसाच्या उंचीचं एक लोखंडी कपाट. ते कपाट म्हणजेच पंप. वरच्या भागात दोन काचेच्या बरण्या, बाजूला लांब दांडा. दांडा मागंपुढं हापसला की जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल बरणीत चढायचं. एक बरणी भरेपर्यंत दुसरी गाडीत रिकामी व्हायची. विजेचं काम नव्हतं, आणि तेव्हा आमच्याकडं वीज होती तरी कुठं?

मी महाडच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले आणि नवऱ्यासह माहेरी बाबांपाशी राहायला आले. घरी बसून महिनाही झाला नसेल, माझं पंपाचं सुरू झालं. नवरा बिरवाडीजवळच्या एका रसायनाच्या कारखान्यात होता. तो म्हणाला, "बरं झालं. हिला कुणावर तरी ओरडायला लागतं. वर्ग नाही तर पंप." माझा आवाज मोठा आहे, राग नाकावर असतो, हे मला ठाऊक आहे. पण त्या पंपाच्या मागं मी नुसत्या हौसेनं लागले नव्हते. मला बाबांच्या नावावरचा डाग पुसायचा होता, आणि तो ते जिवंत आहेत तोवर पुसायचा होता. बाबांनी ऐंशी कधीच ओलांडली होती.

डाग असा होता. मी अगदी लहान असताना, एका वैशाखात, गावातलं एक वऱ्हाड लग्नाला घाट ओलांडून खेडच्या बाजूला निघालं होतं. नवरदेवाच्या मोटारीत आमच्याच पंपावरून पेट्रोल भरलं. मोटार घाटाच्या मध्यावर गचके खात बंद पडली ती पडलीच. मेकॅनिकनं कार्ब्युरेटर उघडला तर आत पाणी. सकाळचा मुहूर्त टळला. मुलीकडच्यांनी नाही नाही ते बोलून घेतलं आणि लग्न कसंबसं गोरज मुहूर्तावर लागलं. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडी आमच्या पंपावर भांडायला आले, तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "पाणी मी घातलं."

झालं. त्या दिवसापासून आम्ही 'पाणीवाले'. शाळेत मला पोरं 'पाणीवाल्यांची' म्हणायची आणि मी त्यांना बडवायची. तो नवरदेव आमच्याच गावचा. पुढं एसटीत ड्रायव्हर झाला, गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला पंप दाखवून ही गोष्ट सांगायचा. ड्रायव्हर लोक महाडलाच टाकी भरून घ्यायला लागले. आमच्या दारावरून जाताना नुसता हॉर्न वाजवायचे.

आणि तरीही बाबांनी पंप बंद केला नाही. हे मला लहानपणी कळायचं नाही आणि मोठेपणीही कळलं नव्हतं. कितीतरी वर्षं ते रोज सकाळी धुतलेला सदरा घालून पंपावर जाऊन खुर्चीत बसायचे. दिवसातून एखादी जीप आली तर आली. घरात भाताच्या शेतीवर भागत होतं, तेव्हा पंपाच्या मिळकतीसाठी बसायचे असंही नाही. पुढं आजी गेली आणि त्याच वर्षी बाबांनी पंपाला कुलूप लावलं. त्यानंतर ते त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाहीत. बाजारात जायला लांबच्या वाटेनं जायचे.

बाबांनी पाणी घातलं यावर माझा कधी विश्वास बसला नाही. दूध उतू गेलं तरी "माझंच लक्ष नव्हतं" म्हणणारा हा माणूस. मी मनाशी एक उत्तर पक्कं केलं होतं. टाकी जमिनीत पुरलेली. आमच्याकडं पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या जमिनीतून उपळ फुटतात, मग टाकीला बारीकसं भोक असेल तर पाणी आत शिरणारच. पेट्रोल हलकं, ते वर तरंगतं, पाणी तळाशी बसतं. टाकीत भरपूर माल आहे तोवर कुणाला पत्ता लागत नाही. त्या वर्षी पेट्रोलची टंचाई होती, टँकर येत नव्हता, टाकीनं तळ गाठला होता. म्हणजे तळाचं पाणी वर आलं असणार. आठवीच्या मुलालाही पटेल असं उत्तर. फक्त भोक दाखवायचं बाकी होतं.

बाबांना सांगितलं तर ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "कशाला उकरतेस गो? गेलं ते गेलं."

"तुमच्यासाठी करतेय."

"माझ्यासाठी काय नको."

मी ऐकते थोडीच! आम्ही दोघा नवराबायकोनं आणि चार गड्यांनी मिळून घाणेरी तोडली, कौलं शाकारली. पंपाच्या रंगावरून गावात रणं माजली. कुणी म्हणे लाल होता, कुणी म्हणे हिरवा. एका आजोबांनी तर देवाशपथ निळा सांगितला. शेवटी मी ब्लेडनं रंग खरवडला. वर हिरवा निघाला, त्याखाली पिवळा आणि सगळ्यात खाली डाळिंबी लाल. निळा कुठंच नव्हता, पण आजोबा अजून हटून आहेत. दोनपैकी एक बरणी फुटलेली होती. ती काही केल्या मिळेना. मग नवऱ्याच्या ध्यानात आलं की कारखान्यात रसायनं न्यायला जाड काचेचे नळ असतात. भंगारात पडलेल्या तसल्या नळाचा एक तुकडा त्यानं रीतसर परवानगी काढून आणला, कापून घेतला आणि तो अंगच्या मापाचा शिवल्यासारखा बसला. त्या दिवशी तो शीळ घालत घरी आला.

जुन्या माणसांकडं जाऊन मी पंपाच्या गोष्टी गोळा करत होते, खोलीच्या भिंतीवर फलक लावायचा म्हणून. लोक भरभरून बोलायचे. घाट चढण्यापूर्वी ड्रायव्हर इथं कसे थांबायचे, इंजिनाला पाणी पाजायचे, तुळशीच्या चहासाठी आमच्या आजीला हाक मारायचे. गोव्याला निघालेली साहेबमंडळी इथं टोपी काढून वारा घ्यायची. सगळं सांगून झालं की गडी किंवा बाई जरा घुटमळायची आणि म्हणायची, "मंग ते पाण्याचं पण लिवणार काय?"

"लिहिणार," मी म्हणायची. "खरं काय ते लिहिणार."

मग टाकीची पाळी आली. तिच्या आसपास काम करायचं तर आधी ती पाण्यानं काठोकाठ भरायची, असं नवऱ्यानं बजावलं. जुन्या टाकीत वाफ साचून राहते, एखादी ठिणगी पडली तर जीव जातो. कारखान्यात याच गोष्टींची त्याला धास्ती असते. पाण्यानं वाफ बाहेर निघते आणि मग टाकी उपसून कोरडी करता येते. आम्ही बोअरचं पाणी सोडलं, टाकी तोंडापर्यंत भरली आणि घरी गेलो. सकाळी भोकातून पाणी खाली गेलेलं दिसेल, ते गावातल्या चार लोकांना बोलावून दाखवायचं, असा माझा बेत होता.

सकाळी झाकण काढलं. पाणी होतं तिथंच होतं. दोन दिवस थांबलो, तरी रेघभर हललं नाही. टाकी अजूनही अगदी शाबूत होती. एवढी वर्षं गंज खाऊन जिला भोक पडलं नाही, तिला तेव्हा कुठून असणार?

म्हणजे पाणी वरूनच पडलं होतं. कुणीतरी झाकण उघडून घातलं होतं. आणि झाकणाची किल्ली बाबांच्या कमरेला असायची.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच घरी आले आणि ओटीवर उभ्या उभ्याच विचारलं, "टाकीला भोक नाही. पाणी कुणी घातलं?"

बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तवाच सांगितलंय की सगळ्यांना."

"का घातलंत?"

"पेट्रोल कमी व्हतं."

एवढंच. ज्या पोरांना मी बडवलं, ती खरं बोलत होती तर. त्या रात्री मी बाबांना वाढलं, पण बोलले नाही. पुढचे काही दिवस पंपावरही गेले नाही. नवरा एकटाच जाऊन दांड्याला तेल घालून यायचा. फलकाचा मजकूर अर्ध्यावर पडला होता. त्यात पाण्याचं लिहिलं असतं तर बापाची बदनामी मीच भिंतीवर टांगली असती. नसतं लिहिलं तर मी खोटी पडले असते.

शेवटी राहवेना म्हणून मी तुडीलला आत्याकडं गेले. आत्या बाबांची धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून सावित्रीकाठच्या तिच्या घरात मुलासुनांबरोबर राहते. अंगणात बसून वाल निवडत होती. मी पाणीसुद्धा न पिता सगळं ओकले. बाबा लबाड निघाले, असंही म्हणाले.

आत्याचा हात सुपातच थांबला. "लबाड? त्याला येक खोटं धड बोलता येत नाय. जल्मात येकदाच बोलला, ते पण सोताच्या अंगावर घेतलान."

"म्हणजे?"

"त्या सकाळी तो तिथं नव्हताच, बाय. टँकरची चौकशी कराया महाडला गेला व्हता. पंपावर गडी व्हता."

"मग पाणी कुणी घातलं?"

आत्यानं आधी माझ्या डोक्यावर हात ठेवून, ओरडणार नाहीस ना, असं विचारलं. मग सांगितलं. आजीनं घातलं होतं.

आजीच्या लेखी तो पंप म्हणजे विहीरच होती. जमिनीत खोल काहीतरी आहे, दांडा हापसून वर ओढायचं, सगळ्या वाटसरूंना द्यायचं. पंप सुरू झाला त्या दिवशी तिनं टाकीच्या झाकणावर हळदकुंकू वाहून, खण-नारळ ठेवून विहिरीची भरतात तशी तिची ओटी भरली होती. आमच्या घरात रीत होती, नवी विहीर खणली की बारमाही विहिरीचं पाणी आणून तिच्यात घालायचं, म्हणजे ती आटत नाही. टंचाईत टँकर येईना, बाबांच्या तोंडचं पाणी पळालेलं तिला दिसत होतं. पोराचं काळीज तीळतीळ तुटतंय, आपण काय करू शकतो? तर तिनं त्या पहाटे घरच्या विहिरीची भरलेली कळशी घेतली, त्यात दुधाचे चार थेंब टाकले, बाबा जाताना घरी ठेवून गेलेली किल्ली घेऊन झाकण उघडलं आणि हात जोडून कळशी टाकीत रिकामी केली. घटकाभरानं वऱ्हाड आलं.

"आणि गंमत बघ," आत्या म्हणाली, "दुपारी टँकर आला. इतके दिस नाय आला तो त्याच दुपारी! आय नाचायची तेवढी राहिली. पंपाला माझा गुण आला म्हणाली. घरात गोडाचं केलान. दादा आला तवा त्याला सगळं सांगितलान, आणि दुसऱ्या दिशी ती माणसं भांडाया आली. आय आत चुलीपाशी. तिला आरडाओरडा आयकू गेला, तर दादानं सांगितलं, पेट्रोलच्या भावावरून वाद हाय."

"मग तिला कधी कळलंच नाही?"

"दादानं आमाला शपथ घातलीवती. ती होती तवर तिला वाटायचं, पंप तिच्या पुण्याईवर चाललाय. रोज दादाला इचारायची, आज गाड्या आल्या? तो म्हणायचा, आल्या की."

मी तिथंच वालाच्या टरफलांत बसून रडले. रोज धुतलेला सदरा घालून बाबा त्या रिकाम्या पंपावर कशाला बसायचे, ते मला कळलं. एवढं साधं कारण, आणि मी त्यांना मनातल्या मनात लबाड ठरवून मोकळी झाले होते.

परत आले तेव्हा बाबा ओटीवरच होते. म्हटलं, "आत्यानं सांगितलं."

"तिच्या तोंडात तीळ भिजत नाय," ते चिडून म्हणाले. मी म्हटलं, आता फलकावर सगळं लिहिते, सगळ्या गावाची तोंडं बंद करते. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारपणी त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "माझ्या आयला लोक हसतील. गावभर येडी म्हणतील. कोणापाशी बोलशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी खूप वाद घातला. "आणि तुमचं नाव?"

"माझं काय, सवय झालीय."

मी कबूल झाले. फलकावर घाटाच्या, ड्रायव्हरांच्या, तुळशीच्या चहाच्या गोष्टी लिहिल्या. पाण्याबद्दल एक अक्षर नाही. पंप मात्र सुरेख झाला होता. डाळिंबी लाल रंग, चकचकीत पितळी तोटी, बरण्यांत रंगीत पाणी चढउतार करून दाखवता येत होतं. खोलीत चहा आणि कोकम सरबताची सोय केली, कारण घाटाची हौस असलेल्यांनाही घसा असतोच. उद्घाटन वगैरे नव्हतं. रविवारी सकाळी या, चहा प्या, एवढा निरोप गावात फिरवला. बाबा येणार नाही म्हणाले, आणि मी आग्रह केला नाही.

गाव जमलं. जो तो दांडा हापसून बघत होता. निळ्या रंगाचे आजोबा नाराज होते, पण त्यांनी दोन कप चहा घेतला. तेवढ्यात तो नवरदेव आला, बायकोला घेऊन. आता केस पांढरे, कंबर वाकलेली, पण आवाज एसटीच्या स्टँडवर कमावलेला. फलकापुढं उभा राहून त्यानं सगळा मजकूर वाचला आणि मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाण्याचं नाय लिवलंस? खरं लिवणार व्हतीस ना?"

कुजबुज थांबली.

"मास्तरीण झालीस, पण शेवटी पाणीवाल्यांचीच पोर. बापावानी लबाडी करतेस."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. कळशी, दूध, ओटी, सगळं. नवरा माझ्याकडं बघत होता, आता ही याला सोलून काढणार म्हणून. मी सरबताचे पेले पुसत राहिले. तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यात मी एवढी गप्प कधी बसले नव्हते.

"तिला बोल लावायचा नाय."

आवाज रस्त्याच्या बाजूनं आला. आत्या बाबांना रिक्षातून घेऊन आली होती. बाबा रिक्षाला धरून उभे होते, किती वेळ कोण जाणे. ते सावकाश छपराखाली आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातला पेला काढून बाजूला ठेवला आणि नवरदेवासमोर जाऊन उभे राहिले.

"पाणी मी नाय घातलं. माझ्या आयनं घातलं. विहिरीवानी आटू नाय म्हणून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तुटक, अडखळत, पण सगळं. दुधाच्या थेंबांपर्यंत. मला वाटलं आता कुणीतरी फिसकन हसणार. बाबांनाही तसंच वाटत असावं, कारण सांगून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली. पण कुणी हसलं नाही. नवरदेवाची बायको, जिच्या लग्नाला ते वऱ्हाड निघालं होतं, ती म्हातारी पुढं झाली. तिनं पंपाच्या पायाशी वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "म्हंजे आमच्या लग्नाला तुमच्या आयचा हात लागला. मला सासरी आल्यापास्नं वाटायचं, अपशकुन झाला. येवढी वर्षं तेच घेऊन बसले."

नवरदेव खाली बघत होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग विचारलं, पण आता आवाज स्टँडवरचा नव्हता. "मंग तवाच का नाय बोललास रे? मी जल्मभर तुला बोल लावत फिरलो."

बाबा म्हणाले, "टँकर आला त्या दिशी आय येवढी खुश व्हती. मी तिला तशी खुश कधी बघितली नव्हती. मंग काय सांगू तिला?"